तांदळातलं नाव

नेपरव्हिल, १८ जानेवारी १९८७

तीर्थरूप पद्मिनीमावशीस,

विक्रमचा साष्टांग नमस्कार (बर्फावर घसरून गुडघा धरलाय, त्यामुळे सध्या सहाच अंगं टेकतात, उरलेली उन्हाळ्यात). तुझं ब्लडप्रेशर काय म्हणतंय? लोणचं खरंच सोडलंस की नुसतं डॉक्टरांना सांगितलंस? इकडे सुनेत्रा बरी आहे, मुलं इंग्रजीत मजेत आहेत.

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, फिलिपिन्समध्ये आपलं कोण आहे म्हणून तू त्यांचा इतिहास लिहीत बसलास. कुणी नाही गं. आजवर तो गव्हर्नरांचा लिहिला गेला, मी घराघरांतल्या माणसांचा लिहितोय, एवढंच. तीनशेहून जास्त वर्षं तिथे स्पेनचं राज्य. १८४९ साली एका गव्हर्नरने आडनावांची यादीच काढली आणि गावोगाव वाटली. काही ठिकाणी तर सबंध गावाला एकाच अक्षराची आडनावं आली.

हे मी इथल्या फिलिपिनो मंडळाच्या समारंभात स्लाइड्स लावून सांगितलं (जेवणाआधी. तिथेच चुकलं). हॉलमधले निम्मे लोक एकाच गावचे, सगळ्यांची आडनावं 'ओ'वरून. लोक हसून लोळले. फक्त आमच्या शेजारच्या ओलिव्हेरोसबाई हसल्या नाहीत. सत्तरीच्या आहेत. आई गेल्याचं कळलं तेव्हा आठवडाभर आमच्या दारात गरम भाताचं पातेलं ठेवून जायच्या. त्यांचे पणजोबा सेव्हिलहून गलबतातून आले, ही गोष्ट मी त्यांच्याकडून दहादा तरी ऐकलीय, दर वेळी मान डोलावून. आता चारचौघांत कळलं की पणजोबांचं आडनाव यादीतून आलं. त्यांनी आणलेलं पातेलं झाकणही न काढता उचललं आणि घरी गेल्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, मावशी.

दुसऱ्या दिवशी शंकरपाळे घेऊन माफी मागायला गेलो. बाईंनी बसवलं, कॉफी दिली. म्हणाल्या, नाव यादीतलं असेल, पण माझी आई त्याच नावाने मातीत गेली. इथे मी गप्प बसायचं होतं. पण मास्तर ना! लगेच सांगत सुटलो, की आमच्याकडेही नावं बदलतात, लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, माझी आईसुद्धा अशीच सुलेखा झाली. बाईंनी सहज विचारलं,

"मग त्याआधी ती कोण होती?"

बाबा तिला 'अगं' म्हणायचे, तू 'अक्का', आजी 'बायो'. परक्या मुलखातल्या हजारो माणसांची नावं माझ्या नोंदींच्या कार्डांवर आहेत आणि आईचं मी कधी विचारलंच नाही. ती गेली तेव्हा सेमिस्टर चालू होतं म्हणून आलो नाही, रडलोही नव्हतो. ते बाईंच्या सोफ्यावर रडलो. शेवटी शंकरपाळे त्यांनीच मला खायला लावले.

काकांना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझा,
विक्रम

ता. क. गिरीश मार्चमध्ये इकडे येतोय. त्याच्याबरोबर सुनेत्रासाठी मेतकूट पाठव, हेच सांगायला पत्र लिहिलं.

ता. क. २. मेतकूट राहू दे. आईचं माहेरचं नाव तेवढं कळव. पुस्तक तिला अर्पण करायचंय. 'सुलेखा' लिहून दोनदा खोडलं.

ता. क. ३. आत्ता पाकिटावर तुझं नाव घालायला घेतलं आणि हात थांबला. मावशी, पद्मिनी हे तुझं आधीचं, की तांदळातलं?