फणीतलं जुनं टोक

आप्पा,

कारखान्यातली सर्व्हरची खोली काल बंद केली, असं मी सगळ्यांना सांगितलंय. सर्व्हर म्हणजे काय ते मी तुम्हाला एकदा समजावायला बसलो होतो. तेव्हा तुमचे कान पार गेले होते. मी घसा फोडून सांगत होतो आणि तुम्ही शांतपणे मान हलवत होता. शेवटी आईकडे वळून म्हणालात, "चांगलं काम हाय म्हणतोय." तेव्हा तेवढं पुरलं. आता सावकाश सांगतो, ओरडायची गरज राहिली नाही. निपाणीकडच्या साखर कारखान्यात मी नोकरीला आहे हे तुम्हाला ठाऊक होतंच. उसाची गाडी आली की काट्यावर वजन होतं. ते वजन, शेतकऱ्याचं नाव, कामगारांची हजेरी हे सगळं लक्षात ठेवणारी कपाटाएवढी यंत्रं एका थंड खोलीत ठेवलेली असायची. त्यांची राखण म्हणजे माझी नोकरी.

या कामात मी शिकून आलो नाही, ऐकून आलो. शहापुरातल्या एका कॉम्प्युटरवाल्याकडे वायरी ओढायला लागलो, तिथून भिंती फोडत फोडत इथवर पोचलो. डिग्रीवाले माझ्यापुढे आले आणि गेलेही, मी राहिलो तो कानांमुळे. खोलीचं दार उघडलं की मला कळायचं, आज खालच्या डिस्कचा घसा बसलाय, उजवीकडचा पंखा दमलाय. पडद्यावर सगळं ठीक दिसत असायचं आणि मी सुटा भाग मागवून ठेवायचो. साहेब लोक हसायचे, डॉक्टर नाडी बघायला आले म्हणायचे. हे कान तुमच्या मागांनी घडवलेत. वडगावच्या घरात पुढच्या सोप्यात चार माग आणि मागं आम्ही. जेवताना बोलायचं तर खुणांनी. तुम्ही भिंतीकडे तोंड करून भाकरी मोडताय, मध्येच हात थांबतो, मागं न बघताच म्हणता, "तिसऱ्याचा पट्टा ढिला झालाय, बघ जा." मी जातो, आणि खरंच धोटा मारणारा तिसऱ्या मागाचा पट्टा ढिला झालेला असतो. पुढं पुढं तुमचा हात थांबायच्या आधीच मी उठायला लागलो. तेव्हा तुम्ही ताटातला कांदा माझ्याकडे सरकवलात.

गेल्या वर्षीचा हंगाम संपल्यावर मोठ्या साहेबांनी बोलावून सांगितलं की आता ही यंत्रं आपल्याकडे ठेवायची नाहीत. सगळं क्लाउडवर न्यायचं. म्हणजे यंत्रं दुसऱ्या कुणाची, दूर कुठल्या तरी शहरात, आपण वापरू तेवढं भाडं द्यायचं. मी विचारलं, मग माझं काय. साहेब चांगला माणूस, खोटं बोलवत नाही त्याला. कन्नडमध्ये "नोडोण" म्हणाला, बघू या म्हणून, आणि चहा मागवला. चहा पिताना हळूच सांगितलं की नवं जमलं तर ते तुम्हीच सांभाळा, नाही जमलं तर पुढचा हंगाम लागायच्या आत बाहेरच्या कंपनीला काम देऊ, आणि स्टोअरमध्ये तुमच्यासाठी खुर्ची आहेच. ती खुर्ची मला माहीत होती. वाईट नाही, डोक्यावर पंखा आहे, चहा पहिल्यांदा तिथंच येतो. पण तिच्यावर बसलेल्या माणसाला अडचणीत कुणी हाक मारलेली मी ऐकली नव्हती. पन्नाशी उलटलेल्या माणसाला पगाराइतकीच हाकेचीही सवय लागलेली असते.

मग मी काय केलं असेल? बेळगावात एका हॉलमध्ये भाषण होतं, तिथं गेलो. बोलणारा तरुण होता, बूट चकचकीत. म्हणाला, जुनं येत असेल ते सगळं विसरा, आता फक्त एआय, कोरी पाटी घेऊन या. मला पटलं. भीती बसली की पटायला वेळ लागत नाही. मी त्याच्या एआयच्या कोर्सला नाव घातलं. आणि आप्पा, मला त्यातलं काही म्हणजे काहीच कळेना. गणितं अशी की कुठून धरायचं तेच समजेना. पाटी कोरी करून बसलो होतो, ती कोरीच राहिली. तुमची नात बेंगळुरूला याच लाइनीत आहे. तुम्ही गेलात तेव्हा रांगत होती, आता मला रागावते. तिला मी आधी सांगितलंच नव्हतं. एका रविवारी सकाळी फोनवर बोलता बोलता सुटलं तोंडातून. ती म्हणाली, "पप्पा, ते वाईट न्हाय. पण तुम्ही तिकडं कुठल्या वाटेनं चाललाय?" फोन ठेवला, आणि कितीतरी वर्षांनी तो दिवस आठवला.

तुम्ही सुताच्या पेठेला गेलेले. दुसऱ्या मागावरचा उभ्या धाग्यांचा ताणा संपलाय, शेवटची साडी उतरवून झालीय, आणि मागावर धागे वर-खाली उचलणाऱ्या वहीच्या डोळ्यांतून, फणीच्या दातांतून आलेलं जुन्या ताण्याचं वीतभर टोक लोंबतंय. सोपा झाडायचं काम माझ्याकडे. मला वाटलं, हा कचरा. आप्पा आले की खूश होतील. कात्री घेतली, सगळं कापलं, ओढून काढलं, वही-फणी अशी लख्ख केली की आरपार उजेड दिसावा. तुम्ही आलात, पिशवी ठेवलीत, मागापुढं बसलात. ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही रिकाम्या फणीवरून नुसता अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "आता नवा धागा वाट कुणाला इच्यारणार रं? जुन्यालाच न्हवं?" तेव्हा मला कळलं की नवा ताणा आला की आई बोटाला राख लावून बसायची आणि नव्याचा एकेक धागा जुन्याच्या एकेका टोकाला पिळून सांधायची, ते कशासाठी. जुन्याला धरून ओढलं की नवा आपोआप आपापल्या डोळ्यातून, आपापल्या दातातून पलीकडे यायचा. मी ती वाटच कापून टाकली होती. मग घरातली सगळी माणसं, शेजारची आक्कासुद्धा, मागाला बसली आणि एकेक धागा नव्यानं डोळ्यात ओवायला लागली. मलाही बसवलंत. आक्का अधूनमधून म्हणायची, "व्हय बाबा, घर मात्र लई सोच्छ झालं."

पुढच्या रविवारी मी मुलीला हे सगळं सांगितलं. ती हसली, पण कामाची पोरगी आहे, लगेच मुद्द्यावर आली. म्हणाली, कोर्सांची नावं बाजूला ठेवा, कारखान्यात काय बिघडलं की लोक तुम्हाला शोधत येतात ते सांगा. मी सांगत गेलो. कुणीतरी चुकून काही पुसलं की परत मिळवून द्यायचं. काट्यावरून वजन येईना झालं की कुठं अडलंय ते शोधायचं. कुणी काय उघडायचं नि कुणी नाही, हे ठरवायचं. लाइट गेली तरी काम चालू राहील असं बघायचं. ती म्हणाली, "मग हेच्च शिका की. तिकडंबी लोक पुसत्यात, तिकडंबी अडतंय. नावं तेवढी नवीन हाईत." झालं, वाट सापडली. तो कोर्स सोडला आणि क्लाउडवरची यंत्रं सांभाळायचं, त्यांची राखण करायचं काम शिकायला घेतलं. मला येणाऱ्या एकेका गोष्टीचं टोक धरायचं, तिकडची तसलीच गोष्ट शोधायची आणि सांधायची. इथं कपाटाची किल्ली होती, तिथं परवानग्या. इथं माहितीची टेप भरून तिजोरीत ठेवायचो, तिथं दुसऱ्या शहरात प्रत ठेवायची. परीक्षेत पहिल्या खेपेला नापास झालो. मुलगी म्हणाली, आजोबांच्या घरी हे कळलं असतं तर आक्का काय म्हणाली असती? दुसऱ्या खेपेला झालो पास. घरात पेढे वाटले, कारखान्यात मात्र सहज सांगितल्यासारखं सांगितलं.

एक टोक मात्र कुठंच सांधेना. कानाचं. तिथं ऐकायलाच काही नाही, आप्पा. दार नाही, खोली नाही, पंखा नाही. पडद्यावर एक रेघ वर-खाली होत असते, बास. मी त्या रेघेपुढं बसायचो आणि मला बहिरं झाल्यासारखं वाटायचं. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "पप्पा, तिथं ऐकायचं न्हाय, बघायचं." तिला सोपं होतं, तिचे कान कधी मागाजवळ गेले नाहीत. तेव्हा मला तुमची शेवटची वर्षं आठवली. त्या मागांनीच तुमचे कान खाल्ले होते. हाक मारायची तर समोर येऊन मारावी लागायची. तरी तुम्ही माग सोडला नाहीत. चालता चालता प्रत्येक मागाच्या चौकटीवर हात टेकून उभे राहायचा. मला वाटायचं, दमलात, टेकता. एकदा तसेच तिसऱ्याला टेकून उभे होता, आणि मला खूण केलीत, पट्टा बघ. मी बघितला, ढिला होता. मला अजून ऐकू आलं नव्हतं. मी आईला जाऊन म्हणालो की आप्पा बहिऱ्याचं सोंग घेतात. आई सूत उकलत होती, मान वर न करता म्हणाली, "कान गेलं म्हणून माग जाईल व्हय? हातानं ऐकत्यात ते आता." मी हसलो होतो तेव्हा. तुम्हीही त्या वयात नव्यानं शिकायला बसला होता, कुणाला न सांगता, हे डोक्यात शिरायला मला स्वतःची पन्नाशी उलटावी लागली. मग मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या रेघेपुढं बसायला लागलो. काही करायचं नाही, नुसता हात टेकल्यासारखं बघत राहायचं. सकाळी हजेरी लागते तेव्हा ती कशी चढते, जेवणाच्या सुट्टीत कशी उतरते. हळूहळू तिचा ठोका कळायला लागला.

सगळं तिकडं गेलं, चालायलाही लागलं, तरी मी इकडचं जुनं चालूच ठेवलं होतं. असू द्या, अडचणीला होईल, असं साहेबाला सांगायचो. हंगाम तोंडावर आला. साहेबाने एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा नुसतं बघितलं, आणि मला स्टोअरचा पंखा दिसायला लागला. मुलीला मी पुन्हा तुमचा दाखला दिला, जुनं टोक टाकायचं नसतं म्हणून. ती म्हणाली, "आणि गाठी ओढून फणीच्या पलीकडं आल्यावर? मग आजोबा काय करायचे त्या टोकाचं?" मी म्हणालो, कापायचे. ती पुढं काही बोलली नाही. तुमच्यासारखीच आहे, नेमकं कुठं गप्प बसायचं ते कळतं तिला. अर्धीच गोष्ट लक्षात ठेवून मी त्या गोष्टीचाच आडोसा केला होता.

आजकाल हिंडलग्याची, कडोलीची पोरं-पोरी माझ्याकडे येतात. मला विचारतात, अण्णा, कुठला कोर्स करू, कशाला मागणी आहे. मागणीचं मला काय कळतंय, दर पावसाळ्याला बदलते ती. मी त्यांना आधी विचारतो, घरात काय चालतं, तुझा हात कशात बसलाय. परवा एक पोरगी म्हणाली, भाजीचा मळा आहे, बाजाराला काय न्यायचं आणि काय राखायचं ते मीच ठरवते. मी म्हणालो, मग आकड्यांच्या कामाकडे बघ, तुझं निम्मं शिकून झालंय. तिला वाटलं मी चेष्टा करतोय.

तर, काल. हंगामातल्या उसाची पहिली मोळी पडायच्या आत साहेबाला मी खोलीत घेऊन गेलो. एकेक यंत्र बंद केलं. घरघर एकेक पदरानं कमी होत गेली आणि शेवटी माझे कान इतके मोकळे झाले की बाहेर गाडीवान बैलाला काय म्हणतोय ते ऐकू आलं. साहेबाने खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, आता तिकडचं सगळं तुमच्याकडे. मुलीला फोन केला. कापलं, म्हणालो. ती म्हणाली, शाब्बास.

पण आप्पा, त्या कपाटाच्या माथ्यावर एक पंखा आहे, त्याचं बटण वेगळं आहे. साहेब बाहेर गेल्यावर मी तो परत लावला. खाली थंड करायला आता काही नाही, तो नुसताच फिरतो. माग विकल्यावर तुम्ही संध्याकाळी शेजाऱ्यांच्या भिंतीला पाठ लावून बसायचा. पलीकडे त्यांचे माग चालू असायचे, भिंत थरथरायची. भिंत ओली आहे, पाठ धरेल, म्हणून मी तुम्हाला उठवायचो. तुम्ही हं म्हणायचा आणि तसेच बसून राहायचा. हा कागद मी त्याच कपाटात ठेवतोय, दार ओढून घेतोय. पंख्याचं मुलीला सांगितलेलं नाही.