सरपंचबाईंची सही

मंगळवार, संध्याकाळ
गंगापूर रोड

आज डोंगराकडच्या गावच्या सरपंच सीताबाई दोन एसट्या बदलून आमच्या पाणीपुरवठा ऑफिसात आल्या. त्यांच्या गावची नळयोजना मागच्या वर्षी मीच देखभाल-दुरुस्तीसकट ग्रामपंचायतीकडे सोपवली. हस्तांतराच्या कागदावर सही करायला त्या कचरत होत्या, मीच आग्रह केला. आता पंपाची मोटार जळून तीन आठवडे झाले. बायका पुन्हा झऱ्यावर जातात. परवा तिथेच सीताबाईंची सून घसरली, पाय मोडला.

"ग्रामसेवकाला सांगितलं नाही का?"

"त्याच्याकडं पाच गावं हायेत, साहेब. आमच्याकडं गुरुवारी येतो. आला तर."

पिंपळगावकडच्या ग्रामपंचायतीलाही मी हाच कागद दिला होता. तिथे स्वतःचा वायरमन आहे. सकाळी बिघडलं तर दुपारी पाणी चालू. हा फरक मला तेव्हा दिसत नव्हता? दिसत होता.

बाई भांडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "माझी सही तेवढी खोडा. आधी गाव तुम्हाला बोलायचं, आता मलाच बोलतं."

सही खोडता येत नाही, हे मी त्यांना चहा मागवून, नियम दाखवून समजावलं. ओळखीच्या एखाद्या मेकॅनिकला फोन करता आला असता. केला नाही. आपल्या अखत्यारीत नाही म्हणून? की सुटलो म्हणून?

चहा तसाच ठेवून त्या उठल्या. "मग आता मी कुणाकडं जाऊ?"

मी त्यांना त्यांच्याच ग्रामसेवकाचा नंबर लिहून दिला.