दीड बोट रुंद पट्टी

बाबा, तुमची दुर्बीण मी रविवारी दुपारी स्वयंपाकघरात सतरंजीवर उघडली. माझ्या पोरीला तिच्यातून ताऱ्यांचे फोटो काढायचे आहेत. आखूड नळी, रुंद तोंड. "उजेड घटाघटा पिते," असं तुम्ही कौतुकानं म्हणायचे. पण ती तुम्ही डोळ्यासाठी केलेली. कॅमेरा लावला की चित्र नळीच्या आतच जुळतं, कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाही. पोरगी म्हणाली, "आई, नळी दोन बोटं कापा लागते." मी म्हटलं, "काऊन कापतं? वाढत्या पोरीच्या झग्याले आपण दुमड घालतो, कापत नाई. आरसाच वर सरकव ना." ती बघतच राहिली. "वा, मॅट्रिकवाल्या बाई!" मग वर्ध्याहून लांब बोल्ट आणले अन् आरसा बाहेर काढला. कडेला तो डाग होताच.

आंजी गावातल्या आपल्या घरी महिनोन्‌महिने हातानं घासून तुम्ही तो आरसा केला होता. दसऱ्याला कानस, पक्कड अन् दुर्बीण पाटावर मांडून तुम्ही मला म्हणालात, "नळीले कुंकू लाव." मला वाटलं, देवाला कुंकू कपाळी लावतात, अंगरख्याला नाही; अन् हिचं कपाळ म्हणजे आरसा. खांद्यापर्यंत हात आत घालून ओलं कुंकू लावलं. मग भ्याले, ओढणीनं खसाखसा पुसलं, तर कडेची चकाकीच ओढणीला निघून आली. संध्याकाळी तुम्ही ओरडलात, "कोनं हात घातला?" आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "म्या. धूळ दिसली." तुम्ही म्हणालात, "तुले आरसा अन् परात सारखीच!" पुढे राग गेला, पण ती गोष्ट तुम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, अन् आई चहा देता देता हसायची. मी रोज देवापुढे बसणारी, कधी तोंड उघडलं नाही.

रविवारी पोरीनं विचारलं, "हा डाग कायचा वं?" अगदी ओठांवर आलं होतं. अन् मी म्हटलं, "तुह्या आजीनं आरसा पुसला होता." पोरगी खळखळून हसली, "परातवाली आजी!"

आरसा धरणाऱ्या चिमट्यांमुळे फोटोत ताऱ्यांना शेपट्या फुटतात, म्हणून कडेवर काळी गोल पट्टी बसवायची होती. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा काळा रंगवून मी ती कापली. तिनं एक बोट रुंद सांगितली होती, मी दीड बोट कापली. डाग झाकला गेला. "उजेड कमी येईन थोडा," ती म्हणाली, "पण चालते." दिवेलागणीनंतर गच्चीवरून कृत्तिका टिपल्या. एकेक तारा तांदळाच्या कणीसारखा आला. मी हात जोडले, पण मन काही जागेवर नव्हतं.

बाबा, आई तिकडे तुमच्याजवळच असेल. ती गोष्ट आता कोणाला सांगू नका. तो डाग माझा आहे. हे पत्र काही कुठं जाणार नाही, म्हणूनच तुम्हाला एवढं लिहवलं. पोरगी बाजूच्याच खोलीत आहे, तिला अजून सांगितलं नाही.