वाळूतला राखणदार

३ एप्रिल, गुरुवार
आणलं एकदाचं! बशीर मास्तर बदली होऊन गाबेसला गेले आणि शाळेच्या विज्ञानाच्या खोलीतलं त्यांचं मांडूळ कुणालाच नको झालं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, गावाबाहेर माळावर सोडून द्या. जन्मभर काचेच्या पेटीत वाढलेला जीव – माळावर काय करणार? शिक्षकांच्या बैठकीत मी हात वर केला.

पेटी शादलीच्या गाडीतून आणली. नवऱ्याबद्दल असं लिहू नये, पण रोज कैरुआन-ट्यूनिस भाडी मारणारा, ट्रकवाल्यांना न घाबरणारा हा माणूस आज मान ताठ करून बसला होता. मागच्या सीटवर हातभर लांबीचं मांडूळ आणि पुढे याला घाम.

रंग भाजलेल्या रव्यासारखा, वर तपकिरी ठिपके. शेपटी इतकी बोथट की तोंड कुठलं ते क्षणभर कळत नाही. पेटीत ठेवलं आणि बघता बघता वाळूत उतरलं. एक कण उडाला नाही!

सासूबाई ओसरीवरून बघत होत्या. बोलल्या काही नाहीत. माझ्याशी एरवी तरी किती बोलतात – मीठ घातलंस का, पाव आणलास का. लग्नाला सहा वर्षं झाली.

४ एप्रिल
नुसती वाळू.

८ एप्रिल, मंगळवार
दिसलं! वाळूवर दोन मोहरीचे दाणे. जवळ जाऊन बघते तर डोळे. बाकी सगळं अंग खाली. किती वेळ माझ्याकडे बघत होतं कोण जाणे.

पेटीची एक बाजू उबदार, खालून गरम होणारी चटई लावली आहे. दुसरी बाजू गार, तिथे पाण्याची वाटी. दोन्हीकडे लपायला कौलाचे तुकडे. मास्तर फोनवर म्हणाले, काही दिवस हात लावू नका, त्याचं त्याला कळू द्या.

बिझर्तहून झकियावन्संचाही फोन. आईला पाठवा, समुद्रावर चार दिवस राहील. सासूबाईंचं नेहमीचं उत्तर: घर धन्यावाचून ठेवत नाहीत. मामंजी गेल्यापासून त्या एक रात्र बाहेर राहिलेल्या नाहीत. मी आणि शादली जणू पाहुणेच.

११ एप्रिल, शुक्रवार
मास्तरांनी दिलेला पिल्लू-उंदीर बर्फातून काढून, कोमट पाण्यात ठेवून, चिमट्याने समोर धरला. ढुंकून बघितलं नाही. शादली दारातूनच म्हणाला, "रमजानचे राहिलेले रोजे फेडत असेल."

१५ एप्रिल, मंगळवार


शाळेतून आले तर झाकण बाजूला, वाळू उकरलेली, पेटी रिकामी. सासूबाई मागाजवळ लोकर पिंजत बसलेल्या. शांतपणे म्हणाल्या, "मी उघडलं. घराच्या राखणदाराला कुणी कोंडून ठेवतं?"

त्यांच्या माहेरी उंबऱ्याखाली साप होता म्हणे. त्याला दूध ठेवत. तो गेला आणि घर बसलं.

त्यांच्यासमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. आज चढला. अंगणातली फरशी बर्फासारखी, भिंतीवर शेजारच्या मांजरी, आणि त्याने अजून एक घास खाल्लेला नाही. "लल्ला," – त्यांना मी मानाने असंच म्हणते – "ते राखणदार नाहीये. त्यालाच राखावं लागतं."

त्यांनी लोकर बाजूला ठेवली. मग उठल्या. गुडघ्यांमुळे नमाजसुद्धा खुर्चीवर बसून पढतात – त्या फरशीवर ओणव्या झाल्या. कोठीखाली, रांजणामागे, हंड्यांच्या मागे. मी एका टोकाने, त्या दुसऱ्या.

त्यांनाच सापडलं, लोकरीच्या ढिगात. उघड्या हाताने उचललं. जराही बिचकल्या नाहीत! त्याने मनगटाला विळखा घातला. त्या हळूच म्हणाल्या, "गार पडलंय गं."

मला 'गं' कधी म्हणाल्याचं आठवत नाही.

१६ एप्रिल
सकाळी त्यांनी स्वतःहून विचारलं, ऊब कुठल्या बाजूला असते? मग काचेवर तळवा ठेवून बघितलं.

२२ एप्रिल, मंगळवार
पुन्हा नाही खाल्लं. मी रडकुंडीला आले. मास्तर म्हणतात धीर धरा, पण अंग सुकल्यासारखं वाटतंय.

सासूबाईंनी त्यांची जुनी पांढरी सफसारी आणली – बाहेर जाताना अंगावर घ्यायची ती – आणि पेटीच्या तीन बाजू झाकून टाकल्या. म्हणाल्या, येणारा-जाणारा डोळे वटारून बघतोय, त्याच्या घशाखाली काय उतरेल?

मग लोकर हातात घेऊन, माझ्याकडे न बघता: "तूही लग्नानंतर महिनाभर धड जेवली नव्हतीस. मी बघत होते."

चहा टाकला. दोघींनी तिथेच बसून घेतला. बाई काय आहे ही! सगळं दिसतं हिला.

२९ एप्रिल, मंगळवार
खाल्लं! खाल्लं!!

चिमटा धरला होता सासूबाईंनी. मी मागे, श्वास रोखून. वाळू नुसती हलली आणि पुढच्या क्षणी उंदराभोवती तीन वेढे – निघालं कधी ते दिसलंच नाही. एवढी ताकद, आणि आवाज म्हणून नाही. मग सावकाश, जबडा इकडून तिकडून सरकवत, अजिबात घाई न करता गिळलं. मला ते इतकं देखणं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. शेपूट वाळूत गेली तरी आम्ही दोघी तिथेच.

शादली दारातून दोन पावलं आत आला होता. ही प्रगतीच.

संध्याकाळी सासूबाईंनी खजुराचे मकरूद तळले. गल्लीत वाटले. कशाबद्दल, विचारणाऱ्यांना म्हणाल्या, "घरातलं माणूस जेवायला लागलं."

४ मे, रविवार
सासूबाई सकाळी बिझर्तला गेल्या. खरंच गेल्या – शादलीच्या गाडीत, पुढच्या सीटवर, मांडीवर मकरूदचा डबा.

काल रात्रीपर्यंत कुणाला बोलल्या नव्हत्या. परत कधी, विचारलं तर म्हणाल्या, बघू. मी काचेच्या पेटीकडे बोट दाखवून हसत म्हटलं, सावकाश या, हा आहे घर बघायला.

"तो कशाला?" म्हणाल्या. "घराला धनीण आहे, म्हणून तर निघाले."