माझ्या वजनात फरक नाही

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
ऑफिसात शस्त्रपूजा. आमची शस्त्रं म्हणजे तपासणीची वजनं. वजनमापे निरीक्षक या नात्याने मान माझाच. पाच किलोच्या वजनाला हळदकुंकू, झेंडू, पुढे नैवेद्याला गुळाचा खडा. फोटो नीट यावा म्हणून वजन दोनदा उचलून ठेवलं. नंतर बघतो तर गूळ गायब! शिपाई प्रेमानंद म्हणतो, मी खाल्ला नाही. चेहरा मात्र खाल्ल्याचा. मेमो देणार.

३ ऑक्टोबर
मेमो दिला. वरून नवीन परिपत्रक आलंय. दुकानदाराच्या काट्यावर कारवाई करताना आपल्याच मोजमापात किती फरक असू शकतो, तेही लिहायचं म्हणे! रकान्याचं नाव ‘अनिश्चितता’. भित्र्यांची कामं. मी शून्य लिहिणार. आमच्या वरिष्ठ अरुंधती मॅडम म्हणाल्या, मुकुंदराव, आधी वजनं लॅबमधून तपासून आणा. म्हटलं, मॅडम, परवाच पूजा झाली आहे.

संध्याकाळी डॉक्टर. माझं वजन एक्याण्णव म्हणतात. त्यांच्या काट्याचा काय भरवसा? चारपाच किलो इकडेतिकडे व्हायचंच. शेवटी सायन्स आहे.

६ ऑक्टोबर
काटोल. संत्र्याचा सीझन. बाबाराव नावाच्या संत्रेवाल्याच्या काट्यावर आमचं पाच किलोचं वजन ठेवलं. वीस ग्रॅम जास्त! म्हणजे गिऱ्हाइकाला तेवढा माल कमी. काटा जप्त. म्हणाला, साहेब, ऐन सीझनमध्ये माहा काटा काहून नेऊन राहिले? काट्याबिगर माल कसा विकू? अन् तुमच्या वजनाले कोणी तपासलं का? उर्मट माणूस.

शेजारच्या दुकानात वीस ग्रॅम. पलीकडे वीस ग्रॅम. माझ्या लक्षात आलं. टोळी आहे!

८ ऑक्टोबर
कन्हान. इथेही वीस ग्रॅम! काटोलवाल्यांना ओळखतच नाही म्हणतात. किती मुरलेले लोक! हे प्रकरण मुंबईपर्यंत जाणार. सत्कार होईल तेव्हा घालायला सफारी शिवायला टाकला. टेलरने कंबर दोन इंच जास्त मोजली. टेप जुना आहे त्याचा.

१० ऑक्टोबर
अहवाल दिला. ‘आंतरतालुका काटा कारस्थान’. अनिश्चितता : शून्य. मॅडमनी पहिलं पान वाचलं आणि माझं वजनच लॅबला पाठवलं. बाईंना माझं कौतुक बघवत नाही.

घरी अस्मिता म्हणाली, सगळ्यांचे काटे चुकतात आणि तुमचं एकट्याचं बरोबर, असं कसं हो? म्हटलं, गुणवत्ता अशीच एकटी असते.

१३ ऑक्टोबर
लॅबचा फोन. वजनाच्या बुडाला पोकळी असते. तिथे गूळ चिकटलेला निघाला. वर हळदकुंकवाचा थर. एकूण वीस ग्रॅम. गूळ परत हवा आहे का, असंही विचारलं.

प्रेमानंदचा मेमो मागे घेतला. तो म्हणाला, तसं लिहून द्या साहेब.

१४ ऑक्टोबर
काटे परत करायला काटोल. प्रेमानंद सोबत, त्यामुळे मी जीपमधून उतरेपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं होतं. बाबारावांची संत्री आठवडाभरात मऊ पडलेली. फार वाईट वाटलं. काटा दिला, माफी मागितली, दोन किलो संत्री मागितली. त्यांनी मोजली आणि वर गुळाचा खडा ठेवला. म्हणाले, घ्या साहेब, आता तुमच्या हिशोबानं बरोबर झालं.

घरी येऊन काट्यावर उभा राहिलो. एक्याण्णव. उतरलो. पाय पुसले, खिसे रिकामे केले, तळवेसुद्धा बघितले.

एक्याण्णवच.