आदर्श जोडपे, पहिला क्रमांक

गुहागर,
१२ जानेवारी २०२५

चि. मैनास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझे कानातले मशीन शिट्टी मारते आणि मोबाईलवरचे निरोप तू शेजारच्या दीक्षाकडून वाचून घेतेस, म्हणून हे पत्र. यातला मजकूर दीक्षाने वाचण्यासारखा नाही.

आमोदने लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला आम्हाला समुद्रावरच्या या रिसॉर्टमध्ये पाठवले. आईबाबा, आराम करा, म्हणाला. इथे आराम करू देत नाहीत. सकाळी वाळूत योगासने, मग रस्सीखेच, मग केळ्याच्या आकाराच्या रबरी होडीवर बसवून मुद्दाम पाण्यात पाडतात आणि बाकीचे पाहुणे काठावरून टाळ्या वाजवतात. तुझे भाऊजी दोनदा पडले. दोन्ही वेळा मी टाळ्या वाजवल्या.

काल संध्याकाळी हिरवळीवर जोडप्यांचा खेळ होता. गळ्यात शिट्टी अडकवलेले मच्छिंद्र नावाचे गृहस्थ माइकवरून प्रश्न विचारणार, बायकांनी स्वतःचे उत्तर पाटीवर लिहून पाटी उलटी धरायची, आणि पाठमोऱ्या बसलेल्या नवऱ्यांनी बायकोचे उत्तर ओळखायचे. पहिला प्रश्न, बायकोचे आवडते फूल. मी मोगरा लिहिला. चाळीस वर्षे लिहायला सांगितले असते तरी तेच लिहिले असते. हे मोठ्या ऐटीत म्हणाले, सोनटक्का. लोक हसले, मीही हसले. मग माझ्या लक्षात आले की सोनटक्का कोणाला आवडतो.

पुढच्या प्रश्नाला मी माझे उत्तर लिहिलेच नाही. तुझे लिहिले. गोड पदार्थ, गव्हल्यांची खीर. मला तिचा वाससुद्धा नको होतो हे तुला ठाऊक आहे. यांनी सांगितले, गव्हल्यांची खीर. भीती कशाची, तर लिफ्टची. चौथ्या मजल्यावरच्या घरी मी रोज लिफ्टने जाते, मैना. यांनी सांगितले, लिफ्टची. शेवटचा प्रश्न जरा चावट होता, बायको झोपते कशी. लहानपणी आपण एका गादीवर झोपायचो, त्यामुळे मला लिहिता आले. एक पाय पांघरुणाबाहेर. मी पायमोजे घालून डोक्यावरून पांघरूण घेते. हे गालातल्या गालात हसले आणि तेच बोलले.

आम्हाला पहिला क्रमांक मिळाला. बाकीच्यांचे त्याहून वाईट होते. गळ्यात आदर्श जोडपे लिहिलेला पट्टा घालून फोटो काढला, तो आमोदला पोचला आणि त्याने डोळ्यांत पाणी आल्याचे कळवले. जेवताना हे मला म्हणाले की बघ, किती ओळखतो मी तुला, फुलाचे तेवढे तूच चुकलीस. त्यांना अजून काही कळलेले नाही. मला ताटावरच रडू आले. आनंदाने रडते आहे असे शेजारच्या टेबलाला सांगून त्यांनी आणखी एक सोलकढी मागवली.

दर मंगळवारी कसबा गणपतीच्या दर्शनाला यांची अख्खी दुपार जाते याचे मला आजवर नवल वाटले नव्हते. बाप्पाही दुपारी जरा पडत असतील, असेच मी धरून चालले होते. तुझी इमारत पाडणार म्हणून एक तारखेला तू कायमची आमच्याकडे कर्वेनगरला यायचे, आमोदच्या खोलीत, असे ठरले होते. ते ठरले आहे असे आता समजू नकोस.

लोभ आहेच म्हणतात. कोणाचा कोणावर, हे तुझ्या उत्तरावरून कळेल.

तुझी,
मंदाताई

*

कसबा पेठ,
१८ जानेवारी

ती. ताईस मैनाचा साष्टांग नमस्कार.

पत्र वाचले. तुला सगळे सरळ सांगते. सोनटक्का माझ्या खिडकीत कुंडीत आहे, येणाऱ्याला दिसतो. खीर मी संकष्टीला करते आणि भाऊजी येतात तेव्हा वाटीभर देते, ते आवडीने खातात. लिफ्टचे म्हणशील तर आमोदच्या लग्नाच्या कार्यालयात मी अडकले होते तेव्हा ते तिथेच होते, तूही होतीस. यात काय आहे?

भाऊजी माझ्याकडे बसतात कारण त्यांना बोलायचे असते आणि तुझ्याकडे ऐकणारे कोणी नाही. मला एका कानाने कमी ऐकू येते, तरी तुझ्यापेक्षा जास्त ऐकते. त्या खेळात बायकांना विचारले असते की नवऱ्याला काय आवडते, तर तुझी पाटी कोरी राहिली असती. रागावू नकोस, पण तू सुरुवात केलीस.

निम्मे सामान बांधून झाले आहे. टेम्पो सांगितला आहे. मालकाने नळ तोडायला सुरुवात केली, पाणी खालून आणते. साठी उलटलेल्या एकट्या बाईला पुण्यात कोणी खोली देत नाही, हे मी महिनाभर फिरून पाहिले. ताई, मला दुसरीकडे जागा नाही. तुझ्या मनात किंतु असेल तर निर्णय भाऊजींवर सोड. ते सांगतील तसे मी करीन. ते मला उघड्यावर टाकणार नाहीत एवढे मला माहीत आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मैना

*

कर्वेनगर,
२२ जानेवारी

कु. मैनाताई यांस, सादर नमस्कार.

आपले पत्र सौ.ने वाचावयास दिले. आपण आमच्याकडे राहावयास येण्याबाबत विचार केला. आमची इमारत लिफ्टची आहे आणि आपणास लिफ्टची भीती वाटते असे सौ.कडून समजले. तेव्हा ते आपणास सोयीचे होणार नाही. आमोदने आळंदीच्या बाजूला एका वृद्धाश्रमात चौकशी केली आहे. स्वच्छता चांगली आहे व जेवण वेळेवर असते. पत्ता पाठीमागे दिला आहे.

गुडघ्यांमुळे यापुढे कसब्यात दर्शनास येणे जमेलसे वाटत नाही. घरूनच हात जोडतो. कृपया गैरसमज नसावा. कळावे.

आपला,
गो. वि. खांबेटे

पाठीमागे पत्त्याखाली जागा उरली म्हणून चार ओळी मी लिहिते, मैना. तू तीन प्रश्नांचा खुलासा केलास. चौथ्याबद्दल अवाक्षर नाही. ठीक आहे, मला नकोच होते.

वरचे मी सांगून लिहून घेतले असे तुला वाटेल. तसे नाही. तू म्हणालीस तसा निर्णय मी त्यांच्यावर सोडला. तुझे पत्र आणि कोरा कागद पुढे ठेवला, आणि सांगितले की तिला बोलवायचे असेल तर बोलवा, मी एक शब्द काढणार नाही. मी खरेच काढला नसता. तुझ्यासाठी ते माझ्याशी भांडतील या भीतीने आदल्या रात्री मला झोप नव्हती. ते भांडले नाहीत. चहा निवायच्या आत लिहून झाले. कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि विचारले, आज भाजी काय आहे.

टेम्पोवाल्याला नवा पत्ता आजच कळव, नाहीतर तो सामान इथे आणून टाकेल.

मंदाकिनी