जिवाचा चौकोन दोनदा

रविवार, संध्याकाळ

आमच्या फाशांच्या खेळासाठी आज नवीन कॅरेक्टर शीट काढली. माझ्या पात्राची ताकद, हत्यारं, जीव, सगळ्याला एकेक चौकोन. पिंगळीहून सुषमा खेळायला आली होती, ती बघून हसायलाच लागली.

"जीव दोनदा काढलास की! लय सोपा केलास खेळ."

मीही हसले. पण उजव्या कडेला आधीच काढलेला तो चौकोन मला दिसलाच नव्हता. अजूनही मान वळवली तरच दिसतो. थकवा असेल का? बाबांची नजर जायला लागली तेव्हा तेही थकवाच म्हणायचे.

सुषमा गेल्यावर तो चौकोन खोडत बसले होते. आई म्हणाली, "चहा घे की, गार व्हायलाय."

"कुठं ठेवलास?"

माझ्या उजव्या कोपराजवळचा कप उचलून आईनं माझ्या हातात दिला, बाबांना द्यायची तसा.